पासष्ट रुपये कुठून आले?

१

तक्रार सहा-सात ओळींचीच होती. तरी ओवीने ती सकाळपासून कितीदा वाचली याची गणती नव्हती.

'तुमच्या दुकानातून "बांधावरच्या भाज्या" हे पुस्तक मी चार वेळा घेतलं. किंमत नव्वद रुपये. दर वेळी माझ्या खात्यातून एकशे पंचावन्न कापले. हे जादा पैसे तुम्ही कुठेही लिहिलेले नाहीत. मला ते परत नकोत. पोलंडच्या गिऱ्हाइकाकडून किती जादा घेता ते बघा, आणि माझे पासष्ट रुपये कुठून आले ते शोधा. हे माझं चौथं पत्र. जरूर शोधा. – ऋषिराज.'

सांगलीच्या गावभागात, एका झेरॉक्सवाल्याच्या वरच्या मजल्यावर ओवीचं ई-पुस्तकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन खोल्या, दोन संगणक, आणि मामेभाऊ मुकुल. पुस्तकं निवडणं, तपासणं ओवीकडे. वेबसाइट आणि पैशांची यंत्रणा मुकुलकडे. लंडनपासून दुबईपर्यंतची मराठी माणसं तिच्याकडून पुस्तकं घेत. त्यांच्याकडून छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेतला जातो हे तिला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. तिने पंधरा परदेशी खरेद्या उघडून पाहिल्या. पंधराही ठिकाणी जादा पैसे कापलेले होते, आणि कुठल्याच पावतीवर त्याचा उल्लेख नव्हता.

तिने साताऱ्याला फोन लावला. दुपारी नानासो आले.

नानासो लष्करी पोलिसांतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बावीस वर्षं पळून गेलेले जवान आणि हरवलेली हत्यारं शोधण्यात गेली. मागच्या वर्षी ओवीची पुस्तकं चोरून विकणारा माणूस त्यांनीच पकडून दिला होता. ते कमी बोलत आणि समोरच्याला जास्त बोलू देत.

त्यांनी पत्र वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"ताई, ई-पुस्तक एकदा घेतलं की झालं ना? मग याने चारदा का घेतलं?"

"भेट द्यायला. प्रत्येक वेळी भेटीचं नाव वेगळं आहे." ओवीने पडदा फिरवला. जयराज, फलटण. अर्जुना, खंडाळा. आणखी दोन नावं, तीही खंडाळ्याचीच. "पण एकानेही पुस्तक उघडलेलं नाही. आणि काका, पुस्तक लिहिणारी बाई याची आईच आहे. चंद्राबाई. फलटणकडच्या."

"आईचं पुस्तक घ्यायचं, आईला सोडून दुकानदाराला चार पत्रं लिहायची," नानासो म्हणाले. "आणि पैसे परत नकोत. असा तक्रारदार मी जन्मात पाहिला नाही. आधीची तीन पत्रं कुठायत?"

"आली होती. कुणीतरी पुसून टाकलीत."

"पुसू शकणारी माणसं किती?"

ओवीचा आवाज खाली आला. "दोन. मी आणि मुकुल."

जिन्यात पावलं वाजली. मुकुल वाईचं लग्न आटोपून परत आला होता.

२

मुकुलने आधी साफ नाही म्हटलं. मग यंत्रणेत बिघाड असेल म्हणाला. नानासो नुसते बघत बसले. पाचव्या मिनिटाला तो खुर्चीवर कोसळल्यासारखा बसला.

"ओवी, मी तुला सांगणार होतो. परदेशातून पैसे घ्यायला पेमेंटवाली कंपनी खर्च लावते. प्रत्येक देशाचा वेगळा. मी ती यादी घेतली आणि प्रत्येक आकडा दुप्पट केला. डॉलर कमावणाऱ्याला शंभर-दोनशे रुपये काय जड?"

"आणि वरचे पैसे?"

त्याने स्वतःकडे बोट केलं. ओवीने मान फिरवली. एका ताटात जेवून मोठी झालेली ती दोघं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिने त्याला दिसू दिलं नाही.

"पत्रं तूच पुसलीस?" नानासोंनी विचारलं.

"हो. पण या माणसाला मी ओळखत नाही, शप्पथ. मला वाटलं, पासष्ट रुपयांसाठी कोण एवढा मागे लागतो!"

"ते राहू दे. यादी काढ. पोलंडपुढे किती लिहिलंय?"

मुकुलने यादी उघडली. "एकशे ऐंशी."

"मग याच्याकडून पासष्टच कसे कापले? पत्ता तर पोलंडचा दिलाय."

मुकुल थांबला. त्या क्षणापर्यंत त्याच्या डोक्यात हा प्रश्नच आला नव्हता. "पत्ता गिऱ्हाईक स्वतः लिहितं. काहीही लिहू शकतं. जादा रक्कम मात्र यंत्र ठरवतं. फोन किंवा संगणक ज्या देशातून जोडलाय, त्या देशाचा आकडा ते उचलतं. याने जाण्याआधी आमच्याकडे हजार रुपये भरून ठेवलेत, त्यातून आपोआप कापले गेले."

"मग पासष्ट कुठल्या देशापुढे आहे? नीट बघून सांग."

मुकुलचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं. एका ओळीवर थांबलं. पुन्हा वरून खाली फिरून तिथंच आलं.

"एकाच देशापुढे आहे. कंबोडिया."

नोकरीच्या नावाखाली नेलेली पोरं तिकडे कुंपणाआड कोंडतात, त्यांच्याकडून दिवसभर फोनवरून लोकांना फसवून घेतात, अशा बातम्या तिघांनीही वाचलेल्या होत्या. ओवीने पत्र पुन्हा समोर ओढलं. *माझे पासष्ट रुपये कुठून आले ते शोधा.*

"तो पैशांबद्दल विचारतच नाहीये," ती हळूच म्हणाली. "तो सांगतोय, मी कुठे आहे ते शोधा."

"आणि ज्याच्या नजरेखाली लिहिलं, त्याला वाटलं असणार, चिडलेलं गिऱ्हाईक आहे." नानासो उठले.

"मी ही जादा वसुली आत्ताच्या आत्ता बंद करते."

"नको ताई. ही चोरी अजून थोडे दिवस राहू दे. पोराने पुन्हा पुस्तक घेतलं तर ते कुठून घेतलं हे सांगणारं दुसरं काही नाही आपल्याजवळ. आणि मी कुठे चाललोय हे तुमच्या दोघांच्या बाहेर जाता कामा नये."

३

चंद्राबाईंचं घर फलटणपासून आठ मैलांवर, कालव्याच्या अलीकडे. दोन्ही बाजूंनी ऊस इतका माजलेला की अंगणात उभं राहिलं तरी रस्ता दिसत नव्हता. नानासोंनी आपण पुस्तकवाल्यांकडून आलोय, पुस्तक चांगलं चाललंय, एवढंच सांगितलं.

"बसा दादा, च्या टाकते." बाई पन्नाशीच्या, हात कामाने रापलेले. "माझं कसलं पुस्तक! मी सांगत हुते, ह्यो ल्हित हुता. पाथरी, घोळ, चिघळ, कुठली भाजी कवा खुडायची, कशी शिजवायची. म्हनला, आये, तू मेल्यावर कुनाला इचारू? लय वाभरं पोरगं."

"आता कुठे असतो?"

"पोलंडला. मोठ्या गोदामात हाय. सा म्हैनं झालं." तिने फोन पुढे केला. "रोज मेशेज येतो बगा."

*आई, मी ठीक आहे. काम चांगले आहे. काळजी नसावी.* खाली तसाच दुसरा. त्याखाली तसाच तिसरा.

"फोनवर बोलतो का?"

"न्हाई. तितं बोलायला बंदी हाय म्हनं कामावर." ती किंचित हसली. "परदेशी गेला आन सुदारला. हितं आये म्हनायचा, आता आई म्हनतो."

नानासोंनी चहाचा कप खाली ठेवला.

दारातून कुणीतरी आत आलं. ताठ पाठ, कडक इस्त्रीचा शर्ट, मिशीला पीळ. "वहिनी, कोन पाव्हनं?"

"ह्ये आमचं धाकलं दीर," चंद्राबाईंनी सांगितलं. "जोतीराम. पलटणीत हवालदार हुते. मालक गेल्यापासून आमाला त्यांचाच आधार. ऋषीचं परदेशाचं त्यांनीच जमवून दिलं, शिरवळच्या वीरधवलकडनं. त्यांचा जयराज तर वरीसभर आधीच गेलाय."

जोतीरामने नानासोंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. निघताना तो रस्त्यापर्यंत सोबत आला. उसाच्या भिंतींमधून दोघं चालत होते. वारा पडला होता. मधेच जोतीरामने विचारलं, "पोरानं आयचं पुस्तक घेतलं म्हनं. किती येळा घेतलं?"

नानासोंनी पाऊल थांबवलं नाही. "सहा वेळा."

"सा." जोतीराम स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "माया लय हाय पोराची."

मोटारसायकल सुरू करून नानासोंनी आरशात पाहिलं. तो अजून तिथंच उभा होता. हातात फोन होता.

४

शिरवळला हायवेलगत, टायरच्या दुकानावर पाटी होती: परदेशी नोकरी, खात्रीशीर. आत वीरधवल बसलेला. चाळिशीचा, हसरा, बोटांत तीन अंगठ्या. नानासोंनी पुतण्याला बाहेर पाठवायचंय असं सांगितलं. पुस्तकाबद्दल अवाक्षरही काढलं नाही.

"पोलंड बेष्ट," वीरधवल म्हणाला. "राहणं, खाणं, सगळं कंपनीचं. ही आपली पोरं बघा." त्याने फोनवर बर्फातले फोटो दाखवले. सगळ्यांनी कानटोप्या, गळपट्टे गुंडाळलेले. एकाचाही चेहरा धड ओळखू येत नव्हता.

"खंडाळ्याचा अर्जुना पण तिकडंच ना?"

हसू गेलं नाही, पण डोळे बदलले. "तुम्ही कसं ओळखता त्याला?"

"बाजारात कुणी म्हणालं."

"हां. सुखात आहे. मी कुणाच्या दारी जात नाही बरं का. गावातली मोठी माणसंच पोरं घेऊन येतात. त्यांच्या शब्दावर चालतं सगळं."

नानासो बाहेर येऊन उभे राहिले तोच फोन वाजला. चंद्राबाई. आवाज चिरकला होता.

"दादा, तुमी नंबर दिऊन गेलता म्हून... आत्ता मेशेज आलाय. वाचते हां. 'आई, पुस्तकवाल्यांचा माणूस आला होता ते कळले. सहा पुस्तके माझ्याकडून चुकून घेतली गेली. त्यांना तक्रार मिटवायला सांग. परत कोणाशी माझ्याविषयी बोललीस तर मला इथे त्रास होईल.' आवं दादा, तुमी आलाय ह्ये त्येला कुनी सांगितलं? आन तरास कसला?"

"बाई, आता माझं नीट ऐका. मी येईपर्यंत दार सोडू नका. हा मेसेज कुणालाच दाखवू नका. दिरालासुद्धा."

"जोतीभावजींना पन न्हाई?"

"त्यांना तर नाहीच."

फोन ठेवला आणि तो पुन्हा वाजला. या वेळी ओवी होती. "काका, ऋषिराजचं खातं आत्ता कुणीतरी बंद केलं. त्याच्याच खात्यात शिरून. आता त्याला पुस्तक घेता येणार नाही, पत्रही पाठवता येणार नाही. काका, त्यांना कळलं. ते त्याला काय करतील?"

नानासोंनी फोन ठेवला. त्यांनी साताऱ्याच्या पोलिसांतल्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावून वीरधवलवर नजर ठेवायला सांगितलं, आणि गाडी फलटणकडे वळवली.

५

पाच वाजले होते. शाळेच्या मैदानावर अकरा पोरं पळत होती. सैन्यभरतीची तयारी. मधोमध जोतीराम शिट्टी घेऊन उभा. "गुडगं वर! वर!" पोरं त्याला उस्ताद म्हणत. त्याने नानासोंना पाहिलं आणि शिट्टी ओठांवरून खाली आली.

"परत आलासा?"

"एक हिशेब जुळेना. तुमच्याशी बोलावं म्हटलं."

दोघं लिंबाखाली गेले. तिथे जोतीरामची पिशवी टांगली होती.

"वहिनींना मेसेज आला," नानासो म्हणाले. "त्यात लिहिलंय, सहा पुस्तकं घेतली. हवालदार, ऋषिराजने चार घेतली."

जोतीराम शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागला. नानासो पुढे म्हणाले,

"चार हे ऋषिराजला ठाऊक. सांगलीत दुकानात दोघांना ठाऊक. त्यांच्यापैकी कुणी लिहिलं असतं तर चार लिहिलं असतं. वहिनींना मी आकडा सांगितलाच नाही. शिरवळच्या माणसापुढे पुस्तकाचं नाव काढलं नाही. साऱ्या जगात सहा हा आकडा मी एकाच माणसाला सांगितला. उसातून चालताना, तुम्हाला."

"तुमी खोटं सांगितलंत?"

"बावीस वर्षं लष्करी पोलिसांत होतो. एखाद्याने विचारू नये ते विचारलं की खरा आकडा द्यायचा नाही. खोटा द्यायचा आणि तो कुठे उगवतो ते बघायचं. पोराने पुस्तकं घेतली हे मी इथे आईलाही सांगितलं नव्हतं, मग किती घेतली ते कोण विचारणार? तुम्ही विचारलंत. का? कारण पोरगं काहीतरी धडपड करतंय याची चाहूल तिकडे लागली होती, आणि ती काय हे काढायचं काम तुमच्याकडे आलं होतं."

मैदानावर पोरं थांबून इकडे बघत होती. जोतीरामने त्यांना हाताने खूण केली. ती पुन्हा पळू लागली. मग तो मुळीवर बसला. कडक शर्टाच्या आतलं शरीर एकदम म्हातारं दिसायला लागलं.

"माझा जयराज तीनदा भरतीत नापास झाला," तो म्हणाला. "छातीत कमी. म्या त्येला पाठवला पोलंडला. मला काय म्हाईत! दोन म्हैन्यांनी वीरधवल आला. म्हनला, पोरगं दुसरीकडंच हाय, त्येला इकलंय. सुटायचं आसंल तर चार पोरं दे."

"आणि तुम्ही दिलीत."

"तीन मिळाली. खंडाळ्याची. नापास झालेली, घरात कुनी इचारत न्हाई असली. चौथं मिळंना." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "रोज मेशेज यायचा, आबा, मला वाचवा, लय मारत्यात. चौथं मिळंना ओ. मंग ऋषी म्हनला, काका, मला बी जायाचंय."

"आणि जयराज?"

"सोडला न्हाई. म्हनत्यात, अजून दोन द्या."

नानासोंनी हात लांब करून झाडावरची पिशवी काढली. आत पाण्याची बाटली, टॉवेल आणि दोन नवेकोरे पासपोर्ट. पहिला उघडला. फोटोतलं पोरगं त्या क्षणी मैदानाच्या टोकाला वळण घेत होतं, गुडघे छातीपर्यंत उचलत.

"उठा हवालदार," नानासो म्हणाले. "अजून वेळ गेलेली नाही. सगळं सांगून टाका. नावं, नंबर, तुमच्या फोनवरचे सगळे मेसेज. नाहीतर उद्या पाच आया तुमच्या दारात उभ्या राहतील."

"चार," जोतीराम म्हणाला. "जयराजला आई न्हाई." आणि तो रडायला लागला.

६

वीरधवलला त्याच संध्याकाळी हायवेवरच्या टोलनाक्यापाशी धरलं. पुढची धावपळ साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून वकिलात अशी झाली. दिवस जात होते आणि तिकडून काही कळत नव्हतं. चंद्राबाई चूल पेटवायच्या आणि भाकरी न थापताच विझवायच्या. सांगलीत ओवी रोज सकाळी ऋषिराजचं खातं उघडून बघायची. बंद. बंद. बंद.

सव्विसाव्या दिवशी चार पोरं पुण्याच्या विमानतळावर उतरली.

ऋषिराज वाळून निम्मा झाला होता. डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. चंद्राबाईंनी तो हात हातात घेतला आणि काही विचारलं नाही. त्याने "आये" म्हटलं तेव्हा मात्र त्यांना उभं राहवेना.

आठ दिवसांनी ओवी आणि नानासो त्याला भेटायला गेले. मुकुल आला नव्हता. त्याने घेतलेले पैसे आता ओवी एकेका वाचकाला माफीच्या पत्रासह परत पाठवत होती, आणि दुकानात त्याची खुर्ची रिकामी होती.

"आमच्या पत्रांवर नजर ठेवायला एक मराठी येणारा माणूस बसवला होता," ऋषिराज सांगत होता. "घरी जाणारे मेसेज तोच लिहायचा. मला घरी लिहिता येत नव्हतं. पण दुकानाशी भांडायला कुणी अडवलं नाही. उलट तो हसायचा. म्हणायचा, एवढ्या नरकात बसून पासष्ट रुपयांसाठी मरतोस! पहिलं पुस्तक घेतलं तेव्हा जादा पैसे कापलेले दिसले. वाटलं, यांनी कापलेत म्हणजे मी बाहेर देशात आहे हे यांना कळतंय. मग कुठल्या देशात तेही कळत असणार. म्हणून बाकीच्यांच्या नावाने घेत राहिलो. कुणीतरी नावं वाचेल."

"जयराजचं नाव पहिलं होतं," नानासो म्हणाले. "तुझ्याबरोबर तो आला नाही."

ऋषिराजने आईकडे पाहिलं.

"तो तिथं नव्हताच काका. मी गेलो तेव्हाच नव्हता. माझ्या पलंगाच्या फळीवर खिळ्याने कोरलेलं होतं, जयराज, फलटण. आधीच्या पोरांनी सांगितलं, त्याला पहिल्या महिन्यातच दुसऱ्या कुणाला तरी विकलं. कुठे, ते कुणाला माहीत नाही."

सगळ्यांच्या मनात एकच आलं. वर्षभर जोतीरामला येणारा तो मेसेज, आबा, मला वाचवा, जयराजचा नव्हताच. ज्याला सोडवायला त्याने चार घरं बुडवली, तो त्यांच्या हातात नव्हताच.

"भावजींना म्हाईत हाय?" चंद्राबाईंनी विचारलं.

"कालच पोलिसांनी सांगितलं," नानासो म्हणाले. "तेव्हापासून तो अन्न घेत नाही. जयराजसाठी वेगळी तक्रार द्यावी लागेल. ती घरच्यानेच द्यायची असते. बाप कोठडीत, आई नाही. कुणी पुढे आलं नाही तर ते नाव यादीतून निघून जाईल."

चंद्राबाई बराच वेळ मुलाच्या त्या दोन बोटांकडे बघत बसल्या. मग आत गेल्या, धुतलेलं लुगडं नेसून बाहेर आल्या.

साताऱ्याच्या कचेरीत टेबलामागच्या कारकुनाने फॉर्म भरायला घेतला. हरवलेल्याचं नाव, वय, गाव. सगळं त्यांनी बिनचूक सांगितलं. उजव्या भुवईवरची खूणसुद्धा.

"अर्जदाराचं नातं?"

"चुलती."

कारकुनाचं पेन थांबलं. "चुलती चालेल की नाही बघावं लागेल बाई. रक्ताच्या माणसाचा अर्ज असला की लवकर पुढे जातो."

चंद्राबाईंनी नानासोंकडे पाहिलं नाही, शेजारी बसलेल्या ऋषिराजकडेही पाहिलं नाही. पदर खांद्यावर ओढून घेतला.

"त्येची आय गेली तवा त्यो दीड वर्साचा हुता," त्या म्हणाल्या. "माझ्याच अंगावर पिलाय. आई ल्हिवा."